मोठ्या रुग्णालयातला समाजसेवा विभाग: कधी गाठायचा, काय मागायचं

मोठ्या रुग्णालयात पेशंट भरती झाला की नातेवाईक चार खिडक्यांमध्ये फिरत राहतात: केसपेपर, तपासण्या, औषधं, बिल. समाजसेवा विभाग नावाची आणखी एक खोली त्याच इमारतीत असते. बहुतेकांना ती कळते बिल हातात पडल्यावर, कुणीतरी म्हणतं तेव्हा, "अहो, एमएसडब्ल्यूला भेटलात का?" तोवर उशीर झालेला असतो. गरजू रुग्णांसाठीच्या बहुतेक योजनांचे पैसे उपचाराआधी किंवा उपचार चालू असताना मंजूर होतात. भरलेलं बिल परत मिळणं जवळपास अशक्य. म्हणून या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल: पेशंट भरती झाला त्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, ही खोली शोधा.

ही मंडळी कोण

सरकारी रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत यांचं पद 'समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)'. मुंबई महापालिकेच्या केईएम, सायन, नायरसारख्या रुग्णालयांत 'समाज विकास अधिकारी' अशी पाटी दिसेल. धर्मादाय रुग्णालयांत 'मेडिकल सोशल वर्कर'. वॉर्डातल्या सिस्टर आणि मामा (वॉर्डबॉय) मात्र सगळ्यांना सरसकट 'एमएसडब्ल्यू' म्हणतात, म्हणजे 'मास्टर ऑफ सोशल वर्क' या पदवीवरूनच. पाटी सापडली नाही तर हेच विचारा, लगेच बोट दाखवतील.

हे काम आपल्याकडे नवं नाही. देशातलं समाजकार्याचं पहिलं महाविद्यालय १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सुरू झालं, त्याचीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. आणि रुग्णालयात पगारी समाजसेवक नेमण्याची सुरुवात झाली १९४६ साली, मुंबईच्याच जे. जे. रुग्णालयात. फ्लेक्सवर हात जोडून उभे असणारे समाजसेवक वेगळे आणि हे वेगळे. यांनी त्या विषयात दोन वर्षं पदव्युत्तर शिक्षण घेतलेलं असतं आणि रुग्णालय त्यांना याच कामाचा पगार देतं. तेव्हा आपण कुणाचे उपकार मागायला आलोय अशा चेहऱ्याने त्या खोलीत जाऊ नका.

त्यांच्या हातात काय असतं? योजना आणि ट्रस्ट यांच्यापर्यंत तुमचं प्रकरण नेणं, शुल्कमाफीची शिफारस, आजार घरच्यांना समजेल अशा भाषेत सांगणं, राहण्याजेवणाची सोय, बेवारस आणल्या गेलेल्या पेशंटचे नातेवाईक शोधणं, टीबी किंवा एचआयव्हीच्या पेशंटने औषध मध्येच सोडू नये म्हणून पाठपुरावा, अवयव प्रत्यारोपणाच्या वेळी कुटुंबाशी बोलणं. काय नसतं? आयसीयूतला बेड, डॉक्टर बदलून देणं, एमआरआयचा नंबर पुढे घेणं. स्वतःच्या ड्रॉवरमध्ये वाटायला पैसेही नसतात. हे आधीच कळलं की अर्धी भांडणं होत नाहीत.

आधी रुग्णालय कुठल्या जातीचं ते ओळखा

सगळं पुढचं गणित यावर आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची रुग्णालयं, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, इथे १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याची, त्यामुळे तिथे केसपेपर आणि तपासण्यांचं माफक शुल्क लागू शकतं. पिवळं रेशनकार्ड असेल तर ते माफ होण्याचा रस्ता समाजसेवा अधीक्षकांच्या टेबलावरून जातो.

लोकांची खरी गफलत होते ती धर्मादाय रुग्णालयांबाबत. काचेची इमारत, खाली कॉफीचं दुकान, म्हणजे हे आपल्यासाठी नाही, असं धरून माणसं परत फिरतात. पण मुंबईतलं लीलावती, जसलोक, हिंदुजा, बॉम्बे हॉस्पिटल, पुण्यातलं रुबी हॉल, जहांगीर, दीनानाथ मंगेशकर ही सगळी धर्मादाय न्यासांची रुग्णालयं आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. शिवाय एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी' या वेगळ्या खात्यात टाकायची असते. तुमच्या जिल्ह्यातल्या अशा रुग्णालयांची यादी धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर मिळते. नुसतंच खाजगी नर्सिंग होम असेल तर ही योजना तिथे लागू नाही, मात्र महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेच्या (तिच्याबद्दल पुढे येतंच) यादीत ते असू शकतं.

निर्धन म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. या मर्यादा अधूनमधून वाढतात, म्हणून पाच वर्षांपूर्वी 'बसत नाही' म्हणून परत पाठवलेल्यांनी पुन्हा विचारून बघावं.

कागदांची पिशवी

सरकारी कामात माणसापेक्षा कागद आधी बोलतो, त्याला इलाज नाही. पेशंटचं आणि कुटुंबप्रमुखाचं आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आतापर्यंतचे रिपोर्ट, बँक पासबुकाचं पहिलं पान. प्रत्येकाच्या चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा. रुग्णालयाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे गर्दी नेमकी तुमच्या घाईच्या वेळी असते.

उत्पन्नाचा दाखला तालुक्याच्या गावी, सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून काढावा लागतो आणि त्याला १५ दिवसांपर्यंत लागू शकतात. म्हणून घरातल्या सगळ्यांनी मुंबईत वॉर्डाबाहेर बसून राहण्यात अर्थ नाही. एकाला पहिल्याच दिवशी गावी परत पाठवा. तलाठ्याकडून उत्पन्नाचा अहवाल घेऊन दाखल्याचा अर्ज करायचा. सोबत रुग्णालयाचा भरतीचा कागद जोडला आणि अर्जावर 'वैद्यकीय उपचारासाठी तातडीने' असं लिहून तहसील कार्यालयात प्रत्यक्ष भेटलं, तर काम लवकर हलण्याची शक्यता वाढते.

आता रेशनकार्ड. बहुतेक फायली अडतात त्या इथे, म्हणून जरा थांबून सांगतो. कार्डावर पेशंटचं नाव आहे का, एवढंच बघून चालत नाही, ते ऑनलाइन यादीत आहे का हेही बघावं लागतं. लग्न होऊन सहा वर्षं झालेल्या मुलीचं नाव अजून माहेरच्या कार्डात असतं, सासरच्या कार्डात चढवायचं राहून गेलेलं. मग नवरा सासरचं कार्ड घेऊन रांगेत उभा राहतो आणि योजनेच्या खिडकीवरचा कर्मचारी, आरोग्यमित्र, म्हणतो, "यात बाईंचं नावच नाही." अशा वेळी माहेरचं कार्ड मागवून घेणं हा सगळ्यात जवळचा मार्ग. आजारपणात नाव कमी करणं-चढवणं सुरू केलंत तर दोन्ही कार्डांतून नाव गायब असण्याचा काळ नेमका ऑपरेशनच्या आठवड्यात येऊ शकतो. आधारवर 'सुमन' आणि कार्डावर 'सुमनबाई' असेल तर घाबरू नका, पण समाजसेवकाला आधी सांगा, खिडकीवर वाद घालू नका. तान्ह्या बाळाचं नाव कार्डात नसणारच. तिथे जन्माचा दाखला आणि आईवडिलांचं कार्ड घेऊन जा.

सगळ्यात शेवटी, आणि हे खूप जण विसरतात: डॉक्टरांकडून खर्चाचं अंदाजपत्रक. रुग्णालयाच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, आजाराचं नाव, करायचा उपचार आणि रक्कम. हा कागद नसेल तर कुठलाही निधी किंवा ट्रस्ट पुढचं पान उलटत नाही.

टेबलासमोर बसल्यावर

भेटीची वेळ सहसा सकाळच्या ओपीडीची असते. घराचा पैसाअडका ज्याला माहीत आहे त्याने जावं. पेशंटची आई रडत असते आणि शेजारचे काका उत्तरं देत असतात, अशी भेट फुकट जाते. बोलणं साधारण असं होतं:

"घरात कमावणारे किती?"

"मी एकटाच, मॅडम. गवंड्याच्या हाताखाली."

"रोज किती सुटतात?"

"काम असलं तर सहाशे. पावसाळ्यात बसूनच."

"शेती?"

"दीड एकर, पण सामाईक. सातबारा वडिलांच्या नावावर."

"आतापर्यंत किती खर्च झाला? कुठून आणलेत?"

"चाळीस हजार. बायकोचं डोरलं ठेवलंय."

"बायको काही काम करते?"

"एमआयडीसीत पॅकिंगला जाते, कॉन्ट्रॅक्टवर."

"पगारातून ईएसआय कापतात का? पगाराची चिठ्ठी आहे?"

शेवटचा प्रश्न नवऱ्याला सुचलाही नसता. पण बायको कामगार विमा योजनेत, म्हणजेच ईएसआयमध्ये, असेल तर सगळं कुटुंबच ईएसआयच्या रुग्णालयात उपचाराला पात्र ठरू शकतं, आणि मग दारोदार फिरण्याची गरजच उरत नाही. म्हणून हे प्रश्न खोचक वाटले तरी उत्तरं खरी द्या. जमीन, कर्ज, मेडिक्लेम, कुणी नोकरीला असलेला भाऊ, सगळं. लपवलेली गोष्ट चौकशीत निघाली की अख्खी फाइल संशयाखाली जाते. आणि सांगितलेली शेती प्रत्येक वेळी आड येतेच असं नाही. अनेक समाजसेवक कोरडवाहू दीड एकर म्हणजे काय ते चांगलं ओळखून असतात.

'तुम्हीच काय ते बघा' म्हणून हात जोडून उठू नका. हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहा: आमचा उपचार कुठल्या योजनेत बसतो? कुठला कागद कमी आहे आणि कधीपर्यंत द्यायचा? पुढच्या वेळी कुणाला भेटायचं? सांगणाऱ्याचं नाव आणि तारीखही लिहून ठेवा. वॉर्डात माणसं पाळ्यांनी थांबतात, सकाळी मामा, रात्री भाऊ. एकाला सांगितलेलं दुसऱ्यापर्यंत पोचत नाही आणि तोच कागद दोनदा मागवला जातो.

योजनांचा क्रम

पहिलं दार महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचं. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झालेली हीच ती योजना. आता आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण देते. पूर्वी मुख्यतः पिवळ्या-केशरी कार्डांना होती, आता पांढऱ्या कार्डावाल्यांनाही लागू आहे. हे अजून पुष्कळांना माहीत नाही. यादीतल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचा कर्मचारी बसतो. समाजसेवक तुम्हाला त्याच्याकडे पाठवेल. यादीतल्या उपचारांना आधी ऑनलाइन मंजुरी घ्यावी लागते. अत्यवस्थ पेशंटसाठी फोनवरून कळवून उपचार सुरू करण्याची तरतूद आहे, म्हणून कार्ड गावी राहिलं तर 'आता काही होणार नाही' असं मानू नका. योजनेची हेल्पलाइन १५५३८८.

दुसरं दार निर्धन रुग्ण निधीचं, फक्त धर्मादाय रुग्णालयात. इथे मोफत म्हणजे नेमकं काय, ते समजून घ्या, नाहीतर शेवटी डोक्याला हात लावायची वेळ येते. निर्धन रुग्णाला खाट, नर्सिंग, निवासी डॉक्टर, चादरी, पाणी, वीज यांचे पैसे लावायचे नाहीत. औषधं, इंजेक्शनं, इम्प्लांट यांची किंमत रुग्णालयाच्या खरेदीच्या दराने धरून निधीतून वळती करायची. दुर्बल घटकातल्या रुग्णाला खाटेसारख्या गोष्टींत सवलत, पण औषधं आणि साहित्याच्या बिलातला निम्मा तरी वाटा त्याला स्वतः भरावा लागतो. गुडघ्यात बसवायचा सांधा किंवा हृदयातला स्टेंट असेल तर हा निम्मा वाटाही मोठा असतो. म्हणून 'धर्मादाय बेड मिळाला' एवढ्यावर निश्चिंत न होता समाजसेवकाकडून माझा वाटा अंदाजे किती ते आधीच काढून घ्या. आणि तातडीच्या पेशंटला अनामत रकमेसाठी दारात अडवायचं नाही, आधी दाखल करून जीवाचा धोका टळेपर्यंत उपचार करायचे, हेही त्याच योजनेत लिहिलेलं आहे.

उरलेल्या खड्ड्यासाठी मुख्यमंत्री सहायता निधी आणि ट्रस्ट. मुख्यमंत्री निधीला तहसीलदारांचा दाखला लागतो, उत्पन्नाची मर्यादा १ लाख ६० हजार, आणि खाजगी रुग्णालयाचं अंदाजपत्रक असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांची त्यावर सही. आता अर्जासाठी मंत्रालय गाठायलाच हवं असं नाही, जिल्हाधिकारी कार्यालयांतही याचे कक्ष झाले आहेत. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात, झालेल्या खर्चाची भरपाई मिळत नाही. सिद्धिविनायक मंदिर न्यासासारख्या संस्थाही वैद्यकीय मदत देतात. हे अर्ज एकाच वेळी चार ठिकाणी टाकायला हरकत नाही, पण प्रत्येकात 'इतरत्र अर्ज केला आहे' हे प्रामाणिकपणे लिहा. समाजसेवक सगळ्यांना ओळखतात आणि आपसांत विचारतात.

गोव्याच्या रहिवाशांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. सिंधुदुर्गातून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला जाणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावं की गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे २०१८ पासून शुल्क लागतं. निघण्याआधी आपलं कार्ड तिथे चालेल का, हे महात्मा फुले योजनेच्या हेल्पलाइनवर विचारून घ्या.

राहायचं कुठे

परळच्या टाटा हॉस्पिटलबाहेर फूटपाथवर संसार मांडलेली कुटुंबं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. कॅन्सरचा उपचार सहा-आठ महिने चालतो, हॉटेल कुणाला परवडणार? दादरला संत गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, कॅन्सर झालेल्या मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत. अशा ठिकाणी थेट बॅग घेऊन गेलात तर बहुधा परत यावं लागतं. रुग्णालयाचं पत्र लागतं आणि ते समाजसेवा विभागातून मिळतं. जागा रिकामी नसली तरी नाव लावून ठेवा आणि दर दोन दिवसांनी विचारा. चिकाटीने विचारणाऱ्याला जागा मिळते, हा अनुभवाचा भाग आहे.

त्याच टेबलावर रेल्वे सवलतीचा फॉर्मही मागा. कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी येता-जाता स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत. दर तीन आठवड्यांनी नांदेडहून किंवा जळगावहून केमोला येणाऱ्याला यातून किती वाचतं, ते तुम्हीच बघा.

पैशाशिवायची कामं

समाजसेवक म्हणजे फक्त पैशाचा माणूस, हा समज त्या खोलीबाहेरच्या रांगेमुळे झाला आहे. विष घेतलेला मुलगा वाचतो, त्यानंतर घरच्यांनी त्याच्याशी काय बोलायचं? भाजलेल्या सुनेला डिस्चार्जनंतर त्याच घरी पाठवायचं का? म्हाताऱ्या वडिलांना भरती करून मुलगा फोन उचलेनासा झाला तर? ही सगळी त्यांचीच कामं आहेत, आणि माझ्या मते खरी कामं. अशा बाबतीत वॉर्डात सगळ्यांसमोर न बोलता 'एकट्याने बोलायचं आहे' असं सांगा, वेगळी वेळ देतात. रुग्णालयाबाहेर असाल तर महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे क्रमांक आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत मानसोपचाराचं प्रशिक्षण घेतलेले समाजसेवक असतात, तिथेही पेशंटइतकंच नातेवाइकांनी त्यांना भेटावं.

दलालांपासून सावध

समाजसेवा विभागाच्या कामाला फी नाही. फॉर्मलाही पैसे नाहीत. गेटवर, चहाच्या टपरीवर 'फाइल पास करून देतो, दहा टक्के द्या' म्हणणारा भेटला तर त्याला तुमची मूळ कागदपत्रं अजिबात देऊ नका. पक्षांच्या कार्यालयांतले रुग्णमित्र कधी खरोखर धावून येतात, हे नाकारत नाही. पण त्यांच्याकडूनही पावती आणि अर्जाची प्रत घ्यायचीच.

नकार मिळाला तर

तोंडी नकार घेऊन उठू नका. 'कशामुळे बसत नाही ते लिहून द्या' एवढंच शांतपणे म्हणा. पुष्कळदा लिहायची वेळ आली की पुन्हा एकदा तपासून बघितलं जातं. पुढची पायरी वैद्यकीय अधीक्षक. धर्मादाय रुग्णालय असेल तर जिल्ह्याच्या धर्मादाय सहआयुक्त किंवा उपायुक्त कार्यालयात लेखी तक्रार, महात्मा फुले योजनेबाबत असेल तर हेल्पलाइनवर नोंद करून तक्रार क्रमांक. तक्रारीत राग कमी आणि तारखा जास्त असाव्यात. आणि समाजसेवकावर ओरडण्यापूर्वी एक विचार करा: काही रुग्णालयांत शेकडो खाटांमागे हातावर मोजण्याइतकी माणसं असतात आणि नकाराचा निर्णय बहुतेक वेळा त्यांचा नसतोच.

रजा मिळण्याच्या आदल्या दिवशी

सुट्टी होणार म्हटल्यावर सगळे टॅक्सीच्या मागे लागतात. आदल्या दिवशी अर्धा तास काढून त्या खोलीत पुन्हा जा. पाय कापावा लागला असेल, लकवा मारला असेल, तर दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज कधी आणि कुठल्या रुग्णालयात करायचा ते विचारा. टीबी असेल तर पोषणाचे महिन्याला १००० रुपये खात्यावर येण्यासाठी नोंद झाली आहे का ते बघा. कॅन्सरसारख्या आजारामुळे कमावता माणूस घरी बसला असेल तर संजय गांधी निराधार अनुदानाचा अर्ज तहसीलला करता येतो. त्याची उत्पन्नमर्यादा मात्र सर्वसाधारणपणे वर्षाला २१ हजार रुपये आहे. ही छपाईची चूक नव्हे, खरंच तेवढी आहे. म्हणून दाखला काढताना हे लक्षात ठेवा.

काही शस्त्रक्रियांनंतरच्या फेरतपासण्या आणि औषधंही महात्मा फुले योजनेत बसतात. तुमची त्यात आहे का, हे आरोग्यमित्राला विचारून डिस्चार्ज कार्डावरच लिहून घ्या आणि मूळ कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. पुढच्या वेळी खिडकीवर पहिला कागद तोच मागतात.